गाडी बघायला जायचं ते ती गार असताना

जुन्या मोटारसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या निम्म्या पत्रांत एकच विचारणा आहे, कुठली जुनी गाडी घेऊ? म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी टाकलेलं गॅरेज मी गेली 22 वर्षं चालवते. टू-स्ट्रोक गाड्या (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या), जुन्या बुलेट आणि पहिल्या पिढीतल्या शंभर सीसी, एवढंच काम आम्ही घेतो.

ताई, मी 24 वर्षांचा आहे. तासवडे एमआयडीसीत नोकरीला आहे, जाऊन-येऊन रोज 36 किलोमीटर पडतात. यामाहाची आरएक्स 100, येझदी आणि जुनी बुलेट, यांतली कुठली घेऊ? शेजारच्या गावात एक आरएक्स विकायला आहे. रंग नवा आहे, इंजिनही नुकतंच बांधलंय म्हणतात. (कराडहून एक वाचक)

आधी त्या आरएक्सचं बोलते. रंग नवा आणि इंजिन नुकतंच बांधलेलं, ही दोन वाक्यं एकत्र कानावर आली की मी सावध होते. ज्यानं हौसेनं इंजिन बांधून घेतलं तो माणूस गाडी लगेच विकत नाही, दोन-चार वर्षं मजेत फिरवतो. विकण्यासाठीच बांधलेल्या इंजिनात कुठला पिस्टन घातलाय, क्रँक (पिस्टनखालचा फिरणारा दांडा) खोलला होता का नुसत्या रिंगा बदलल्या, हे तुला कोण सांगणार?

2009 साली मी एका गिऱ्हाइकासाठी अशीच एक आरएक्स पसंत केली होती. काळा रंग, टाकीत तोंड दिसावं अशी, पिकअप झकास. आरटीओत पासिंगला नेली तेव्हा तिथल्या निरीक्षकांनी इंजिन नंबरावरून बोट फिरवलं आणि ते तिथंच थांबले. मूळ नंबर घासून त्यावर नव्यानं पंच मारलेला होता. रंगाखाली डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोटाला मात्र उथळ खळगा लागत होता. विकणाऱ्याचा फोन त्या संध्याकाळपासून बंद. गिऱ्हाइकाचे पैसे मी भरून दिले. तेव्हापासून गाडी बघायला जाताना माझ्याजवळ थिनरची बाटली, फडकं, पेन्सिल आणि पातळ कागद असतो. इंजिनावरचा आणि हँडलच्या नळीवरचा चासी नंबर पुसून घ्यायचा, कागद ठेवून पेन्सिल घासायची, उमटलेले आकडे आरसी बुकाशी आणि परिवहनच्या ॲपशी ताडून बघायचे. अक्षरं वाकडीतिकडी, कमी-जास्त खोल दिसली की नमस्कार करून निघायचं.

आता गाडी बघण्याबद्दल. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेव, मी येईपर्यंत किक मारू नका. पोचलास की बोलण्याआधी ब्लॉकवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या इंजिनाच्या भागावर, हात ठेव. कोमट लागला तर समज, गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. चहा घे, तासभर थांब. गार गाडीच खरं बोलते. चोक ओढून धड आरएक्स दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. सुरुवातीला धूर येणारच, पण पाच-सात मिनिटं फिरवून आणल्यावरही मागं पांढऱ्या धुराचा पट्टा राहत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय, इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. दुसऱ्या, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर दिसत नाही, पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ लावतं, मधेच आपोआप वर चढतं. तिथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर ऑइलही कमी पडतं आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे ब्लॉकमध्ये घट्ट अडकतो. मला या दोन्हींत दुसऱ्याची जास्त भीती वाटते, कारण घेणाऱ्याला वाटतं गाडी फार मोकळी चालतेय.

मग गाडी मधल्या स्टँडवर घे, मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलव. खट्‌खट्‌ लागलं तर स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश संपलेत, तो खर्च किरकोळ. शेवटी मित्राला चालवायला सांग आणि तू मागून सरळ रेषेत बघ. मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नसेल तर चासी मार खाल्लेली आहे. तिथं घासाघीस करत बसू नको, परत ये.

राहिला निवडीचा प्रश्न. आरएक्स 100 आपल्याकडे 1985 ते 1996 एवढीच बनली. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलो, म्हणून ती तशी उडते. मला ती मनापासून आवडते. पण सर्वांत नवी आरएक्ससुद्धा आता तिशीची आहे आणि मागणीमुळे भाव इतके चढलेत की आरएक्स 135 चं किंवा आरएक्सजीचं इंजिन शंभरच्या चासीत बसवून, टाकीवर 100 चे स्टिकर लावून विकायचा धंदाच झालाय. पहिल्या गाडीला तू या बाजारात उतरू नयेस.

रोज 36 किलोमीटर, त्यात हायवेचे ट्रक, पाळीची वेळ, पावसाळा. यासाठी मी तुला 1990 च्या दशकातली फोर-स्ट्रोक शंभर सीसी सुचवते. हीरो होंडाची सीडी 100 आली 1985 ला, स्प्लेंडर 1994 ला. तू नाक मुरडशील, कारण ती गाडी तू दूधवाल्याकडे बघत मोठा झालास. पण मूळ रंगातली, गोल दिव्याची, एकाच घरात राहिलेली सीडी 100 शोधून काढ आणि सकाळी सहाला थंडीत तिचा आवाज ऐक. तिच्यावर पॉइंट... नाही, तिला पॉइंटच (ठिणगी पाडणारे, वारंवार जुळवावे लागणारे संपर्क) नाहीत, सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, हाच तिचा मोठा गुण. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायला, कार्बोरेटर खोलून साफ करायला, चेन ताणायला तू तिच्यावर शिकशील. बिघडली तर तासवड्याच्या फाट्यावरही माणूस मिळेल.

वर्षभर ती चालवलीस आणि तरीही मन मागं ओढत असेल तर येझदी रोडकिंग घे. आरएक्सपेक्षा कमी पैशात धड मिळते, तिचे जुने मिस्त्री सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अजून काम करताहेत, आणि 250 सीसीचा तो दोन सायलेन्सरचा आवाज दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही. लिटरला पंचवीस-तीस किलोमीटर देते, म्हणून रविवारची गाडी म्हणून घे. बुलेटबद्दल खाली एका काकांना लिहिलंय ते वाच.

बाळ, माझे यजमान 2011 साली गेले. त्यांची 1968 ची जावा तेव्हापासून पडवीत उभी आहे. लाल-काळपट रंग, टाकीच्या बाजूला चकचकीत पत्रा. मुलगा म्हणतो भंगारात दे. नातवाला चालवायची आहे. सुरू होईल का? कागद कसे करायचे? (वाईहून एक आजी)

आजी, भंगारात अजिबात देऊ नका. आणि नातवाला निरोप द्या, उत्साहाच्या भरात आज किक मारायची नाही. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या बोअरमध्ये (ब्लॉकच्या आतल्या पोकळीत) दमटपणानं गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा ब्लॉकला चरे पाडत जातो.

त्यानं असं करावं. प्लग काढायचा, भोकातून दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडायचं आणि दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. मग चौथा गिअर टाकून गाडी हळूच पुढं-मागं ढकलायची. इंजिन किंचित फिरलं, की ते मोकळं आहे. फिरलं नाही तर आणखी ऑइल, आणखी दोन दिवस. हातोडी, पाना, काही नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून काढा, त्याला व्हार्निशसारखा आंबूस वास येत असेल. टाकीत मूठभर लहान नट आणि रॉकेल घालून ती फडक्यात धरून हलवा, म्हणजे आतला गंज सुटेल. बाहेरून मात्र टाकीला काही करू नका. तो मरून रंग आणि गुडघ्याजवळचे रबर यजमानांच्या हाताखालचे आहेत, फिके पडले असले तरी राहू द्या.

टायर, पेट्रोलची नळी आणि क्रँकची सीलं बदलावीच लागतील. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून ते चालवू नका, रबर आतून वाळलेलं असतं. ब्रेकचे लायनरही सुटून येतात, तेव्हा ड्रम उघडून बघितल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाऊ देऊ नका. इग्निशनला बॅटरी लागते, तीसुद्धा सहा व्होल्टची, हे मिस्त्रीला सांगा.

नातवाला एक गंमत तुम्हीच दाखवा, तुम्ही मागच्या सीटवरून कितीदा बघितली असेल. जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, मारून झाली की पुन्हा खाली आणायचा आणि त्याच दांड्यानं गिअर टाकायचे. वर क्लचची सोयही अशी, की गिअरचा दांडा हलवला की क्लच आपोआप थोडा सुटतो. माझ्या वडिलांना मी हे पहिल्यांदा करताना बघितलं तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि गाडीचा पाय मोडला म्हणून रडायला लागले होते.

कागदांचं. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. मुदत निघून गेलेली असल्यानं दंड भरावा लागेल, पण काम होतं. गाडीला 50 वर्षं झालेली आहेत, त्यामुळे दुसरीही वाट आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज नोंदणी करता येते. त्यासाठी 20,000 रुपये शुल्क आहे, नोंदणी 10 वर्षं चालते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. नातवाला कॉलेजला न्यायची असेल तर साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करा. तिथं गाडी तपासतात, पर्यावरण कर भरावा लागतो आणि दर पाच वर्षांनी पुन्हा जावं लागतं. मी तुमच्या जागी असते तर साधीच नोंदणी ठेवली असती. चालली तर ती गाडी टिकेल.

उजवीकडे गिअर असलेली 1987 ची बुलेट घेतली आहे. वय 61. मेकॅनिक एका किकला सुरू करतो, मला दहा मारूनही होत नाही, वर एकदा किकनं उलटा तडाखा दिला, पोटरी सुजली. माझी ताकद कमी पडते का? (बार्शीहून एक वाचक)

काका, ताकदीचा यात संबंध नाही. माझं वजन 52 किलो आहे आणि मी त्या बुलेट रोज सुरू करते. तुम्ही पिस्टन नको तिथं असताना किक मारताय.

दिव्याच्या डोक्यावर ॲम्पिअरचं छोटं घड्याळ आहे, ते बघत जा. किल्ली चालू करा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. किक पायानं हळूहळू दाबत न्या, मारू नका. काटा उणे बाजूला झुकलेला दिसेल. दाबत असताना एका ठिकाणी किक घट्ट लागेल आणि काटा टुणकन मध्यावर येईल. पॉइंट उघडले, पिस्टन वर आला. आता डाव्या हाताशी असलेली डीकॉम्प्रेसरची (आतला दाब सोडणारी) लहान मूठ ओढा, ती धरून किक अगदी थोडी, दोन बोटं, पुढं सरकवा आणि मूठ सोडा. किक पूर्ण वर येऊ द्या. मग अंगाचा भार टाकून एकच लांब किक, शेवटपर्यंत. धग्‌... धग्‌... धग्‌ करत ती सुरू झाली, की मला त्या दिवशी आठवा.

उलटा तडाखा बसला म्हणजे बहुधा पॉइंटचं टायमिंग पुढं गेलेलं आहे. ते आधी तपासून घ्या, पोटरी बरी होईपर्यंत किक मारू नका. टॅपेटसुद्धा बघायला सांगा. कास्ट आयर्नच्या त्या इंजिनाला फीलर गेज (फट मोजायची पट्टी) लागत नाही. इंजिन गार असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उचलणारी काडी) दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हे इतकं सोपं आहे की दर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः करू शकाल आणि करावं.

पाय मात्र सांभाळा. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक आहे. आयुष्यभर दुसरी गाडी चालवलेल्या माणसाचा पाय अडचणीच्या वेळी जुन्याच सवयीनं जातो. पहिले पंधरा दिवस पहाटे रिकाम्या रस्त्यावरच चालवा.

रत्नागिरीत राहतो. आरएक्स पावसाळ्यात दोन-तीन आठवडे उभी राहते. हल्ली कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट चिकट थर साठतो आणि गाडी गरम झाल्यावर खेकसते. नव्या पेट्रोलमुळे होतं का? (एक वाचक)

होय, बऱ्याच अंशी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. तुमच्या कोकणातल्या हवेत तर विचारायलाच नको. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. टू-स्ट्रोकला याचा धोका दुप्पट आहे. टाकीत मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि कॉकमधून इंजिनाला आधी मिळतो तो तळाचा, ऑइल नसलेला थर. उभी राहिलेली गाडी सुरू करून लगेच ताणली आणि पिस्टन धरला, अशा तीन आरएक्स मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या.

घर येण्याआधी शेवटच्या वळणावर पेट्रोलचा कॉक बंद करत चला, म्हणजे वाटीतलं पेट्रोल घरापर्यंत संपतं. आठवड्याहून जास्त उभी ठेवणार असाल तर टाकी एक तर काठोकाठ भरा, नाही तर पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी सर्वांत वाईट, कारण वरच्या रिकाम्या जागेत ओली हवा असते. नळी, वाटीचं पॅकिंग आणि कॉकमधलं रबर इथेनॉलला टिकणारं बसवून घ्या. आणि खेकसण्याबद्दल: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण विरळ होतं. प्लग काढून बघा. टोक दुधाळ चहाच्या रंगाचं हवं. पांढरंफटक असेल तर मेन जेट एक नंबर वाढवा.

बुलेटला फटाके वाजणारा सायलेन्सर कुठला चांगला? (पुण्याहून एक वाचक)

कुठलाच नाही. पोलीस तो काढून घेतात आणि रोलरखाली घालतात, आणि ते बरोबरच करतात. दवाखान्यासमोरून जाताना आपल्या गाडीनं कुणाचं बाळ दचकून उठू नये एवढी काळजी मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून मागते. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर पाइपाला हातच लावू नये. त्याची लांबी आणि फुगवटा इंजिनाच्या मापाचा असतो, बदलला की खालचं पिकअप गेलंच.

येझदी घेऊन आम्ही दोघं आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाणार आहोत. चढाला इंजिन तापेल याची भीती वाटते. काय काळजी घेऊ? (गडहिंग्लजहून एक वाचक)

वहिनींना घेऊन जाताय, छान. पण तुम्ही ज्याला भिताय तो चढ आहे आणि येझदीचा खरा शत्रू आहे उतार.

टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबर. चढाला ॲक्सिलरेटर उघडा असतो, पेट्रोल भरपूर जातं, ऑइलही भरपूर जातं, इंजिन तापलं तरी ओलं राहतं. उताराला आपण ॲक्सिलरेटर पूर्ण सोडतो आणि गाडी गिअरवर धरतो. चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पिस्टन सेकंदाला कितीतरी वेळा वर-खाली होतो आणि कार्बोरेटरमधून जवळजवळ काहीच येत नाही. म्हणजे पिस्टन कोरडा धावतो.

माझ्या वडिलांची येझदी याच आंबोलीच्या उतारावर धरली होती. मी मागं बसले होते, नववीत होते. किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मागचं चाक घासत गेलं. वडिलांचा डावा हात त्याच क्षणी क्लचवर गेला, म्हणून आम्ही पडलो नाही. गाडी कडेला घेतली. त्यांनी ब्लॉकवर पाणी ओतू दिलं नाही, मी बाटली घेऊन धावले होते तर हात धरला. गरम ब्लॉक पाण्यानं तडकतो. पाऊण तास आम्ही धुक्यात कठड्यावर बसून होतो. मग त्यांनी प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं, किक हातानं फिरवून बघितली आणि चाळीसच्या वेगानं आम्ही दाणोलीपर्यंत उतरलो.

तेव्हा तुम्ही असं करा. निघताना लिटरला 40 मिली ऑइल मोजून घाला, अंदाजानं नाही, आणि टाकी हलवून घ्या. आंबोलीत पोचल्यावर थांबा, वहिनींना चहा द्या, इंजिन हाताला सोसेल इतकं निवू द्या. उताराला लागल्यावर दोन्ही ब्रेक वापरा आणि दर वळणामागं एकदा क्लच दाबून ॲक्सिलरेटरला हलकासा पीळ द्या. इंजिनाला एक घोट मिळतो. डाव्या हाताची दोन बोटं दाणोली येईपर्यंत क्लचवरून काढू नका.